डागाळ्या कागदाचं हिमफूल

शपथेवर सांगतो, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. कागद बोलत नाहीत, एवढं सोडलं तर.

फार वर्षांपूर्वी, बर्फ फक्त गोळेवाल्याकडे दिसायचा अशा एका गावच्या शाळेत, गठ्ठ्याच्या तळाशी एक पांढरा कागद पडून होता. त्याच्या मधोमध शाईचा ठिपका होता, म्हणून बाकीचे कागद त्याला "डागाळ्या" म्हणायचे. एकदा ढवळेबाई मुलांना सांगू लागल्या, "ढगातल्या धुळीच्या कणाभोवती वाफ गोठते आणि त्याला सहा हात फुटतात. तेच हिमफूल!"

कागद चमकला. त्याच्याकडे तर कण होताच!

बाईंनी नेमका तोच उचलून सहा हातांसाठी घडी घातली. ठिपका बरोबर टोकाशी आला. कात्रीने पाती उघडली.

"मावशी, कडा हव्या तेवढ्या काप, पण टोक सोड," कागद म्हणाला.

"गप रे! पताका कापण्यात माझा जन्म गेला. डाग दिसला की आधी उडवायचा."

"तो डाग नाही गं. मी तिथूनच सुरू होतो!"

गार पाती टोकाला टेकली. कागदाने श्वास रोखला. आणि कात्री थबकली. मग तिने फक्त कडांवर नक्षी कापली. घडी उलगडली, तर सहा हातांच्या मधोमध ठिपका शाबूत!

आता कबूल करतो. कागद बोलला, ते खरंच. कात्री थबकली, हे मात्र मी रचलं. ते फूल अजून त्या शाळेच्या खिडकीत टांगलेलं आहे, आणि त्याच्या मधोमध भोक आहे.