हाक नाही, तर उतरायचं नाही

मुलांनो, एका जंगलात एक तळं होतं आणि त्या तळ्यावर एका कावळ्याचं राज्य होतं. राज्य म्हणजे काय, तर काठावरच्या अर्जुनाच्या झाडाच्या शेंड्यावर बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पाखरांवर ओरडायचं! विमानतळावर उंच मनोऱ्यात बसून कुणीतरी विमानांना वाट सांगत असतं ना, तसंच त्याचं काम. दोन थवे समोरासमोर येताना दिसले, की कावळा "थांबा!" म्हणून ओरडे. एरवी गप्प. त्यामुळे तळ्यावर पिढ्यान्‌पिढ्या एकच रीत चालत आली होती. हाक आली तर थांबायचं, हाक आली नाही म्हणजे वाट मोकळी. पाखरं थोडी होती तोवर या रीतीने कुणाचं काही बिघडलं नाही. कावळ्याची नजरही मोठी तेज होती, खोटं कशाला बोला!

पण त्या उन्हाळ्यात आजूबाजूची सगळी डबकी आटली आणि अख्ख्या मुलखाची पाखरं या एका तळ्यावर लोटली. बदकं काय, बगळे काय, करकोचे काय, आभाळात नुसती झुंबड! या गर्दीचा सगळ्यात जास्त घोर लागला तो टिटवीला. टिटवी काही झाडावर घरटं बांधत नाही. ती आपली उघड्या खड्यांवर अंडी घालते. तिची चार अंडी काठावर होती, आणि तीही नेमकी पाखरं उतरायची तिथेच. ती अर्जुनाखाली जाऊन म्हणाली, "कावळेदादा, एकट्याच्या डोळ्यांनी आता हे निभायचं नाही. खाली काठावरही कुणीतरी लक्ष ठेवायला हवं."

हे ऐकून पाण्यात उभा असलेला करकोचा खो खो हसला. "झालं हिचं सुरू! आभाळ पडेल म्हणून पाय वर करून झोपते ही. हिचं काय मनावर घेता?" (टिटवीबद्दल लोक असं बोलतात खरे. खरं-खोटं तीच जाणे!) कावळ्यालाही तेवढंच हवं होतं. मान ताठ करून तो म्हणाला, "माझ्या आजोबांनी याच फांदीवरून तळं सांभाळलं. तू मला शिकवू नकोस."

आणि एके दिवशी सकाळीच मोठी वावटळ सुटली. धुळीने आभाळ भरलं. कावळ्याला समोरची फांदीसुद्धा दिसेना. आता "मला दिसत नाही" असं सांगावं की नाही? पण तसं सांगणं म्हणजे चारचौघांत नाक कापून घेणं! म्हणून तो गप्प बसला. इकडून बदकं येत होती, तिकडून करकोचे येत होते. दोघांनाही हाक आली नाही, म्हणून दोघांनीही वाट मोकळी धरली. मग व्हायचं तेच झालं. धाडकन टक्कर झाली, एका बदकाचा पंख मोडला आणि ते कोसळलं ते टिटवीच्या अंड्यांजवळच. एक अंडं फुटलं. टिटवी अशी काही रडली, की तळ्यावर कुणाला खाणं गोड लागलं नाही.

संध्याकाळी कावळा बदकाची विचारपूस करायला गेला. बदक रागावलं नाही. उलट त्याने भाबडेपणाने विचारलं, "दादा, तुझी हाक आली नाही, म्हणून आम्ही बिनघोर खाली आलो. तुला दिसत होतं ना रे?"

यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं कावळ्याला झालं. त्याची मान खाली गेली. "नाही रे बाबा. मला काहीच दिसत नव्हतं," तो म्हणाला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मग तो तसाच टिटवीकडे गेला. "ताई, माझ्या ताठ्यापायी तुझं अंडं गेलं. उरलेली तीन तरी वाचली पाहिजेत. सांग, काय करायचं?"

दुसऱ्या दिवसापासून तळ्याची रीतच उलटी झाली. कावळा शेंड्यावर राहिला, पण काठावरची खबर टिटवी देऊ लागली. मोडक्या पंखाचं बदक पाण्यात फिरून तिथली खबर देऊ लागलं. तिघांचं जुळलं की कावळा हाक देई, आणि हाक आल्याशिवाय कुणीही उतरायचं नाही. शिवाय ऐकलेली हाक उतरणाऱ्याने मोठ्याने परत म्हणायची, म्हणजे चुकीचं ऐकलं असेल तर तिथल्या तिथे कळे.

करकोच्याला हे मुळीच पटलं नाही. "परत म्हणायला आम्ही काय पोपट आहोत?"

"पोपट नाहीस म्हणूनच सांगते," टिटवी म्हणाली. "तो न समजता बोलतो. तू समजून बोल."

पहिले काही दिवस नुसती कुरकुर. पाखरं वर घिरट्या घालून कंटाळत आणि कावळ्याच्या नावाने बोटं मोडत. करकोचा हाक परत म्हणे, पण तोंड वाकडं करून!

मग एका दुपारी डोंगराला वणवा लागला. धुराचे लोट तळ्यावर आले आणि जीव वाचवायला सगळी पाखरं एकदम तळ्याकडे धावली. करकोचा पिल्लांना घेऊन वर घिरट्या घालत होता. पिल्लांना नुकतेच पंख फुटलेले, त्यात धुराने त्यांचा जीव घुसमटत होता.

शेंड्यावरून कावळ्याला पुन्हा काही दिसेना. पण या वेळी तो गप्प बसला नाही. सगळ्या जंगलाला ऐकू जाईल असा तो ओरडला, "मला दिसत नाही! टिटवीताई, बदका, तुम्ही बोला!"

धुराच्या खाली, पाण्यालगत हवा निवळ होती. तिथे आधीच्या हाकेवर निघालेला बगळ्यांचा थवा नुकताच उतरत होता. बदक ओरडलं, "थांबवा! खाली बगळे आहेत!"

वर पिल्लू रडकुंडीला आलं. "बाबा, हाक काही येत नाही. उतरूया ना!"

करकोचा खोकला, त्याचे डोळे चुरचुरत होते, तरी तो ठामपणे म्हणाला, "हाक नाही, तर उतरायचं नाही!"

त्या दिवशी जर तो जुन्या रीतीने उतरला असता, तर थेट बगळ्यांच्या पाठीवर आदळला असता. तेवढ्यात बदकाचा आवाज आला, "बगळे बाजूला झाले!" पाठोपाठ आपल्या अंड्यांवर पंख पसरून बसलेली टिटवी ओरडली, "डावा काठ मोकळा! उजवीकडे येऊ नका, माझी अंडी आहेत!"

"करकोच्यांनो, डाव्या काठाला उतरा!" कावळ्याने हाक दिली.

"डाव्या काठाला उतरतो!" करकोच्याने घसा फुटेस्तोवर परत म्हटलं, आणि पिल्लांसकट तो अलगद खाली आला. त्याच्यामागून बदकं उतरली, पाणकोंबड्या उतरल्या, होले उतरले. थव्यामागून थवे उतरत राहिले आणि एकाचंही पीस वाकडं झालं नाही! शाब्बास रे पठ्ठ्यांनो!

संध्याकाळी धूर निवळला आणि तळ्यावर काय कलकलाट झाला म्हणता! कावळ्याचं कौतुक, बदकाचं कौतुक. त्याच गडबडीत टिटवीच्या पोटाखाली टक् टक् वाजलं. एक अंडं फुटलं, मग दुसरं, मग तिसरं, आणि तीन लुकलुकणारी पिल्लं बाहेर आली. टिटवी हसतही होती आणि रडतही होती.

करकोचा लांब टांगा टाकत तिच्याजवळ आला. या वेळी तो चिडवायला आला नव्हता.

"टिटवीताई," तो म्हणाला, "आज पाय खाली करून निवांत झोप. आभाळ आम्ही सगळ्यांनी मिळून धरलंय."

तात्पर्य : ज्याला "मला दिसत नाही" असं मोठ्याने म्हणता येतं, त्याच्याच भरवशावर दुसऱ्यांनी उडावं, आणि सगळ्यांचं आभाळ सगळ्यांनी मिळून राखावं.