ठकूबाईचं भेकर

एका गावाबाहेर, डोंगराच्या पायथ्याशी, एक प्राणीवन होतं. जखमी झालेली, आईवेगळी झालेली रानातली जनावरं तिथे आणून वाढवत आणि धडधाकट झाली की परत रानात सोडत. एके दिवशी सकाळी तिथे सुश्रुत नावाचा तरुण आला. पाठीवर भलीमोठी सॅक, पायात मातीनं माखलेले बूट. सहा महिने तो असाच गावोगाव भटकत होता. गडी मनानं वाईट नव्हता हो, पण त्याला एक खोड होती. जिथे जाईल तिथे आपण सगळ्यांना हवेहवेसे वाटलोच पाहिजे! "मुकी जनावरं मला लगेच ओळखतात," असं तो ज्याला त्याला सांगत सुटे.

त्या दिवशी मात्र जनावरांनी त्याची पार फजिती केली. साळिंदरानं काटे फुलवून पाठ फिरवली. शेकरू झाडाच्या शेंड्यावर जाऊन बसलं, ते काही केल्या खाली उतरेचना. घोरपडीनं तर डोळाही उघडला नाही. सुश्रुतचं तोंड एवढंसं झालं.

शेवटच्या कुंपणाशी त्याला ठकूबाई भेटली. आईवेगळी पिल्लं तीच वाढवायची. आत भेकराचं पाडस होतं, हरणासारखंच, पण बुटकं आणि तांबूस. माणसाचं रूप दिसू नये म्हणून ठकूबाई डोक्यावरून घोंगडी ओढून आत गेली, पाला ठेवला आणि मुकाट बाहेर आली. हाक नाही, हात फिरवणं नाही.

"मावशी, जरा कुरवाळा तरी लेकराला!" सुश्रुत म्हणाला.

"नको रे बाबा," ठकूबाई कुजबुजली. "आज दिवस कलला की त्याला सोडायचंय. आधी परक्या माणसानं टाळी वाजवायची. पळालं, तर रान त्याचं. जवळ आलं, तर जन्मभर इथंच. माणसाला न भिणारं भेकर रानात चार दिवस टिकत नाही, आणि माणसाची ओढ एकदा लागली की सुटत नाही. तुम्हीपण लांबच बसा, भाऊ. बोलू नका त्याच्याशी."

नऊ महिन्यांत ती स्वतःही त्याच्याशी चकार शब्द बोलली नव्हती. एवढं सांगून ती पाणी आणायला ओढ्यावर गेली.

'काय दगडाच्या काळजाची बाई आहे!' सुश्रुतच्या मनात आलं. तेवढ्यात पाडसानं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. झालं, गडी विरघळला! त्यानं सॅकमधून गुळाचा खडा काढला, हात कुंपणातून आत घातला आणि हळूच म्हणाला, "ये रे सोन्या, ये."

पाडस बिचकलं. मागे सरलं. मग एक पाऊल पुढे आलं आणि शेवटी त्याच्या तळहातावरचा गूळ चाटून गेलं. सुश्रुतला कोण आनंद झाला! सकाळपासूनची फजिती तो पार विसरला. एका खड्यानं काय होतंय म्हणून त्यानं दुसरा दिला, मग तिसरा. ठकूबाईची पाठ वळली की हा कुंपणाशी हजर. दुपार टळेपर्यंत पाडस त्याला नुसतं बघून धावत येऊ लागलं.

दिवस कलला. ठकूबाईनं रानाकडचं फाटक उघडलं आणि सुश्रुतलाच हाक मारली. "इथली माणसं त्याच्या नजरेतली. तुम्ही आजच आलात. टाळी तुम्हीच वाजवा, भाऊ."

खरं सांगून टाकावं असं सुश्रुतला वाटलं, पण तिच्या तोंडाकडे बघून जीभ रेटेना. 'पळ रे बाबा, पळ,' असं मनात म्हणत त्यानं जोरात टाळी वाजवली.

पाडस दचकलं. फाटकाकडे त्यानं दोन उड्या घेतल्या. समोर अख्खं रान होतं. मग ते थबकलं, मागे वळलं आणि तुरुतुरु येऊन सुश्रुतचा तळहात चाटू लागलं.

"जा ना रे, जा!" सुश्रुतनं त्याला ढकललं. ते पुन्हा आलं.

ठकूबाईनं पुढे जाऊन फाटक लावलं आणि कडी घातली.

"मावशी, चुकलो मी," सुश्रुत रडकुंडीला आला. "गूळ दिला मी त्याला. मला वाटलं, थोडी माया केली तर काय बिघडतंय?"

"मला माया नव्हती होय रे?" ठकूबाई म्हणाली. "नऊ महिने हात शिवशिवत होते माझे. रोज आवरले. एकच दिवस राहिला होता."

तिनं घोंगडी खाली टाकली, पाडसाजवळ बसली आणि पहिल्यांदाच त्याच्या पाठीवरून हात फिरवला. आता हात आवरायचं काही कारणच उरलं नव्हतं.

सुश्रुत पुढे पुष्कळ हिंडला. पण कुंपणाला नाक लावून आपली वाट बघणारं ते पाडस त्याच्या डोळ्यांपुढून हललं नाही. जनावरं मला लगेच ओळखतात, असं तो पुन्हा कधीच कुणाला म्हणाला नाही.

तात्पर्य: आपली हौस भागवायला लावलेला लळा दुसऱ्याच्या पायातली बेडी होतो; ज्याचं खरंच भलं व्हावंसं वाटतं, त्याच्यापासून लांब राहणंही जमलं पाहिजे.