ठिपके झाडणारी खार

फार पूर्वी कॅमेरे जंगलात राहत आणि सगळ्यांशी बोलत, तेव्हाची ही गोष्ट. बांबूच्या बनात झिपरी नावाची एक खार होती. तिला पसारा म्हणून खपत नसे.

एकदा चितळीचं पाडस हरवलं. बनात भरदुपारीही अंधार, आणि घाबरलेलं पाडस हाकेला ओ देईना. चितळी रडत कॅमेऱ्याकडे आली. त्याने डोळा ताणताणून फोटो काढला, पण उजेड अपुरा पडला आणि फोटोभर रवा सांडल्यासारखे ठिपके उमटले.

"शी! काय ही घाण!" म्हणत झिपरीने शेपटीने फोटो झाडून लख्ख केला. त्यात नुसतं गुळगुळीत गवत उरलं.

"म्हणजे ते इथे नाहीच," म्हणत चितळी मटकन खाली बसली.

झिपरीने झाडलेल्या फोटोकडे पुन्हा पाहिलं. पाडसाच्या पाठीवरही ठिपकेच असतात की! "कॅमेरेदादा, आणखी दोन फोटो काढा. मी शेपटीवर बसून राहते."

तिने दोन्ही फोटो शेजारीशेजारी ठेवून निरखले. रव्यासारखे ठिपके दुसऱ्या फोटोत भलतीकडेच होते. पण करवंदीच्या जाळीखालची ठिपक्यांची एक ओळ जागची हलली नव्हती.

"मावशी, तिकडे!"

वेलीत पाय अडकलेलं पाडस तिथेच अंग चोरून बसलं होतं. चितळी त्याला चाटतच सुटली.

"आता उरलेले ठिपके झाडू का?" झिपरीने हळूच विचारलं.

"थांब गं," चितळी म्हणाली. "आधी नीट बघू. आणखी कुणाचं लेकरू असेल त्यात."