लक्ष नसलेला विद्यार्थी

शेवंता गावित आश्रमशाळेत वाढली. घरचं म्हणावं असं तिला कुणीच नव्हतं. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षणाच्या मुलाखतीची तयारी तिने सुट्टीत ओस पडलेल्या वसतिगृहात एकटीनेच केली. प्रश्न तीच विचारायची, उत्तरंही तीच द्यायची.

मुलाखत घेणारे दाभोळे साहेब मोठे तोऱ्याचे. आधीच्या दोन मुली त्यांच्यासमोरून रडतच बाहेर आल्या होत्या. शेवंता समोर बसली, तरी साहेबांनी मोबाईलमधून डोकं काढलं नाही. तसंच विचारलं, "वर्गात एखाद्याचं लक्षच नसेल, तर काय कराल?"

शेवंता काहीच बोलली नाही. मिनिटभर खोलीत नुसता पंखा वाजत राहिला. शेवटी साहेबांनी वैतागून वर पाहिलं.

"काय हो, उत्तर येत नाही?"

"दिलं ना, साहेब. मी गप्प बसले आणि आपण माझ्याकडे पाहिलंत."

साहेबांशेजारी मुलाखत घ्यायला बसलेल्या बाई खुदकन हसल्या. साहेब ओशाळले. त्यांनी मोबाईल खिशात टाकला, पुढची सगळी उत्तरं नीट ऐकली आणि तिची निवड केली.

बाहेर प्रत्येकीला न्यायला कुणी ना कुणी आलं होतं. शेवंता फाटकाशी घुटमळली.

"कसं झालं गं, पोरी?" तिथल्या शिपाईमामांनी विचारलं.

शेवंताने पिशवी खाली ठेवली आणि अगदी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.