लोहाराच्या कानातली रिकीब

फार पूर्वी घाटाखालच्या एका गावात एक लोहार राहत होता. हात कसबी होताच, पण कान त्याहून पक्का. घडवलेली प्रत्येक वस्तू तो दोरीला टांगायचा आणि हातोडीने हलकेच टोला द्यायचा. टण्ण वाजली तर गिऱ्हाइकाची, बद्द वाजली तर भंगाराची.

एकदा निरोप घेऊन निघालेला एक जासूद घोड्याच्या खोगिराला पाय टेकायच्या रिकिबी करून घ्यायला आला. उजेड आहे तोवर त्याला घाट चढायचा होता. लोहाराने जोडी घडवली, टांगली, वाजवली. बद्द! टाकली भंगारात. दुसरी जोडी बद्द, तिसरीही बद्द.

भाता ओढणारी बायको भात्याच्या आवाजावर ओरडून म्हणाली, "अवो, चांगल्या वाजत्यात की."

"मला शिकवतीस? लोखंडच खोटं हाय. इझव भट्टी. आजपास्नं धंदा बंद."

नाचता येईना अंगण वाकडे, पण हे त्याला सांगणार कोण? बायकोला त्याच्या कानाचीच शंका आली आणि ती तडक गावच्या वैद्यबुवांना घेऊन आली. त्यांनी सळीच्या एका टोकाला भंगारातली रिकीब अडकवली आणि दुसरे टोक लोहाराला दातांत धरायला लावले. मग टोला दिला. टण्ण!

लोहाराचे डोळे मोठे झाले. "ह्यो आवाज आला कुठनं?"

"हाडांतून," वैद्यबुवा त्याच्या कानाशी मोठ्याने म्हणाले. "लोखंड खरं आहे. वाट अडलीय ती तुझ्या कानाची. पडद्यामागे तीन हाडं असतात. एक हातोडीसारखं, एक ऐरणीसारखं, एक रिकिबीसारखं."

लोहार भट्टी विझवायचे विसरला. "म्हंजी आत ठोकाठोक चालती व्हय?"

"ठोकाठोक नाही रे. तिघं एकमेकांना धरून असतात. पडदा हलला की हातोडी हलते, ती ऐरणीला हलवते, ऐरण रिकिबीला. रिकीब डुलली की आवाज आतल्या शंखासारख्या नळीत पोचतो. तुझं एक हाड जखडलेलं दिसतं."

"कंचं?"

"बहुतेक रिकीब. तांदळाच्या दाण्याहून लहान असते."

लोहाराने भंगाराकडे पाहिले. टाकलेल्या सहाही रिकिबी चांगल्या होत्या. त्याला फार लाज वाटली. त्याने एक जोडी उचलली, पुसली आणि हातोडी बायकोच्या हाती दिली.

"तू वाजव. तू म्हनशील त्ये खरं."

तिने दोन टोले दिले आणि मान डोलावली. उजेड होता तोवर जासूद घाट चढून गेला.

तात्पर्य: सगळेच बद्द वाजू लागले, तर भंगारात काही टाकण्याआधी आपला कान तपासून घ्यावा.