घरचा वाफा

फार जुन्या काळची गोष्ट. नदीला मोठा पूर येऊन गेला, त्याच्या तिसऱ्या वर्षी, मार्गशीर्ष महिन्यात घडली.

एका गावात एक माळी होता. त्याच्या वांग्यांचे नाव दूरवर होते. एका परदेशी व्यापाऱ्याने त्याला विषाची भुकटी दिली होती. व्यापारी म्हणाला होता, "पाण्यात कालवून शिंपडा. अळी मरेल. पण मग पंधरा दिवस वांगं तोडू नका."

माळी हुशार. त्याने एक वाफा वेगळा ठेवला. त्याला फक्त शेणखत आणि कडुनिंबाचे पाणी. घरात खायला आणि देवाला ठेवायला त्याच वाफ्यातली वांगी, किडकी असली तरी. बाकीचा मळा बाजारासाठी.

चंपाषष्ठी जवळ आली. त्या दिवशी घरोघर वांग्याचे भरीत. माळ्याने संध्याकाळी भुकटी शिंपडली आणि पहाटे वांगी तोडली.

"अहो, पंधरा दिवस ना?" बायको म्हणाली.

"तोवर सण थांबतोय का? आणि आपल्याला कुठं खायचीत?"

शेजारची म्हातारी कुंपणाशी उभी होती. "अळी ज्याला तोंड लावत नाही, ते माणसांना चारतोस होय रे?"

"अळीला चव कळत नाही, आजी!"

माळ्याने पाट्यांच्या काठाला निळे सूत बांधले. ती त्याची खूण. पाट्या गाडीतून शहरात गेल्या.

सणानंतर तिसऱ्या दिवशी शहरातून निरोप आला. तिथे त्याची एकुलती एक मुलगी दिली होती. तिला सातवा महिना होता. पोटातले मूल गेले होते.

माळी धावत गेला. मुलगी अंथरुणावर होती. ओठ काळे पडले होते.

"काय खाल्लंस गं?"

"डोहाळे वांग्याचेच होते, बाबा. दोन्ही वेळा तेच खाल्लं. पण परक्याचं एकही घरात येऊ दिलं नाही. निळं सूत बघूनच पाटी घेतली."

सासूने ताट आणले. "व्याही, दोन घास खा. उरलेल्या वांग्यांचं भरीत आहे. तुमच्याच मळ्यातलं."

माळ्याने भाकरी मोडली. हात भरतापर्यंत गेला आणि थांबला.

"खा ना, बाबा."

हात पुढे जाईना. मुलीने ताटाकडे पाहिले. मग बापाकडे पाहिले. तिने तोंड भिंतीकडे फिरवले. तो मरेपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही.

जे आपण आपल्या ताटात वाढून घेत नाही, ते दुसऱ्याच्या पाटीत घालू नये.