तीन शेट आणि तीन जहाजं

"तिन्ही टाकाऊ आहेत, महाराज!" धाकू तांडेल पटकन बोलून गेला आणि दरबारात सगळ्यांनी त्याच्याकडे वळून पाहिलं.

हर्णाळ्याच्या भोजराजांना राणीसाहेबांना समुद्रमार्गे माहेरी पाठवायचं होतं. बंदरात तीन मोठी जहाजं उभी होती आणि त्यांचे तीन मालक सकाळपासून दरबारात भांडत होते.

भानशेट म्हणत होता, "माझ्या जहाजावरच्यासारखं जेवण कुठं नाही! पुरणपोळी, बासुंदी, तुपात लोळणारे लाडू! ताट रिकामं झाल्याशिवाय मी पाहुण्याला उठूच देत नाही!"

"जेवण काय, घरीही मिळतं," लखमशेट म्हणाला. "माझ्या खोल्या बघा! मखमलीच्या गाद्या, भिंतींना गालिचे, कोपऱ्याकोपऱ्यात अत्तर. वाऱ्यानं झोप मोडू नये म्हणून खिडकीच ठेवली नाही!"

दुलबाशेटनं मिशीला पीळ दिला. "आणि थाट? माझ्या जहाजावर जरीचा अंगरखा, दोन शेले, कमरपट्टा आणि डोक्याला मंदील असल्याशिवाय कुणी पंगतीला बसत नाही. भिकाऱ्यासारखं चालत नाही तिथं!"

राजाचं डोकं भणभणलं. समोर धाकू उभा होता. राजाची होडी तोच चालवायचा.

"तू रोज समुद्रावर असतोस. सांग, यातलं सरस कुठलं?"

आधी विचार आणि मग बोलणं, ही सवय धाकूला नव्हतीच. त्यानं उत्तर दिलं आणि राजा भडकला.

"आमच्या शेटांचा अपमान? उद्या सूर्य मावळायच्या आत या तिघांनी स्वतःच्या तोंडानं आपापलं जहाज टाकाऊ म्हटलं पाहिजे! नाही म्हटलं, तर तू हे बंदर सोडायचंस. पुन्हा या किनाऱ्याला पाय लावायचा नाही!"

धाकू मान खाली घालून घरी आला. घरात त्याची थोरली बहीण येसू होती. आईबाप गेल्यापासून तिनंच मासळी विकून त्याला वाढवलं होतं.

"आक्का, माझं तोंड मला नडलं गं."

"खरं बोललास, त्यात काय? पण बोलायच्या आधी जरा आवंढा तरी गिळायचा!"

"आता मी कुठं जाऊ?"

"कुठं जायचं नाही! तू गेलास तर माझ्या कालवणाला नावं कुणी ठेवायची? बस, जेव आधी."

दुसऱ्या दिवशी सकाळी येसू स्वतःच दरबारात जाऊन उभी राहिली.

"महाराज, माझं एकच मागणं. शेटजींनी आज दुपारी आपापल्या जहाजावर पाहुणे व्हावं. पाहुण्यांचे सगळे नियम पाळावेत. फक्त जहाजं खाडीत नकोत, बाहेर समुद्रात उभी करा."

तिघे खो खो हसले. "अगं बाई, ही काय परीक्षा झाली? हा तर सोहळा!"

"शेटजी, आपल्या जहाजातून याआधी कधी गेला होता का?"

"आम्ही? आम्ही पेढीवर बसतो! जहाजातून माल जातो, नाहीतर गिऱ्हाईक जातं."

"मग आज तुम्ही जा," येसू म्हणाली.

नारळी पौर्णिमा नुकतीच झाली होती. समुद्रात नारळ पडला होता, पण समुद्राचा राग काही गेला नव्हता. खाडीच्या बाहेर नांगर टाकताच तिन्ही जहाजं पाळण्यासारखी झुलू लागली. धाकूच्या होडीत येसूबरोबर बसून राजा बघायला निघाला. येसूनं राजाला मंदील उतरवायला लावला होता आणि त्याच्या पोटात फक्त पेज होती. वारा तोंडावर घेत राजा मजेत होता.

होडी भानशेटच्या जहाजाजवळ आली. वरून आचाऱ्याचा आवाज ऐकू आला, "शेटजी, अजून चार लाडू आहेत! उठायचं नाही, तुमचाच नियम आहे!"

"नियम घाल समुद्रात!" भानशेट कठड्यावर ओणवा झाला, आणि पुढचं काही राजानं पाहिलं नाही.

दुसऱ्या जहाजावर लखमशेट रांगतच बाहेर आला. कपाळावर टेंगूळ, तोंड पांढरंफटक. "हवा! कुणीतरी हवा द्या! ते अत्तर फेका आधी!"

आणि तिसऱ्यावर? दुलबाशेटचा मंदील लाटांवर तरंगत चालला होता. दोन्ही शेले पायांत अडकून तो दोनदा आपटला होता. आता नुसत्या धोतरावर डोलकाठीला मिठी मारून बसला होता!

"काय शेटजी," राजा तिन्ही जहाजांकडे बघून ओरडला, "जहाज कसं आहे?"

"टाकाऊ!"

"टाकाऊ, महाराज!"

"एकदम टाकाऊ! पण मला खाली उतरवा हो!"

राजा इतका हसला की होडी हलायला लागली. धाकूनं वल्हं सोडून समुद्राला हात जोडले. आपण आता इथंच राहणार, हे त्याला तेव्हा कुठं खरं वाटलं.

हसू ओसरल्यावर राजानं डोळे पुसले. "पण येसू, राणीसाहेबांना आता पाठवू तरी कुठल्या जहाजातून?"

"ज्याचा मालक आपल्या माणसांना घेऊन स्वतः त्यात बसतो ना महाराज, त्या जहाजातून!"

राजाला पुन्हा हसू फुटलं. "मग ठरलं! आमच्या रानातलं सागवान घ्या आणि नवं जहाज बांधा. मालकीण येसू, तांडेल धाकू. आणि राणीसाहेबांच्या शेजारी तूच बसायचंस!"

"बसते की! पण जेवायला पेज आणि भाजलेला बांगडा. चालेल ना राणीसाहेबांना?"

राजा उत्तर देणार, तेवढ्यात डोलकाठीजवळून केविलवाणा आवाज आला, "बाई, त्यातली थोडी पेज आत्ता मिळेल का?"